लाईनआऊट आपला, बॉल दरवेळी त्यांचा: नेमकं कुठे बिघडतंय ते शोधायचं कसं

आपल्याकडच्या रग्बीच्या पोरांची एक तक्रार ठरलेली असते. लाईनआऊट म्हणजे बॉल टचबाहेर, बाजूच्या रेषेबाहेर, गेला की दोन्हीकडचे फॉरवर्ड (पुढच्या फळीचे खेळाडू) समोरासमोर दोन रांगा करतात आणि हुकर मधल्या गल्लीत बॉल टाकतो, तो. भाऊ, पेनल्टी मिळाली, टचला मारली, थ्रो आपला होता आणि बॉल गेला त्यांच्याकडे. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या, पण एकाच मॅचमध्ये परत परत होतं आणि पुढच्या मॅचला परत तेच. मग सगळे मिळून हुकरला शिव्या घालतात, हुकर बदलतात, नवा हुकर पण तेच करतो, मग म्हणतात आपल्याकडे उंच पोरंच नाहीत तर काय करणार.

उंचीचं कारण मला पटत नाही. जंपर, म्हणजे रांगेतल्या ज्याला दोन लिफ्टर वर उचलतात तो, साडेतीन मीटरच्या आसपास बॉल पकडतो, तिथे पाच फूट दहा इंच आणि सहा फूट ह्यातला फरक दोन चांगले लिफ्टर सहज भरून काढतात. आणि हुकर दोषी असतोच असंही नाही. लाईनआऊट हरतो तो बहुतेक वेळा बॉल हातातून सुटायच्या आधी. म्हणून पहिलं काम म्हणजे बॉल कुठल्या टप्प्यावर मरतोय ते शोधणं, कॉलवर (बॉल कुठे जाणार ह्याचा ठरलेला शब्द), जमिनीवरच्या हालचालीत, उचलताना, थ्रोमध्ये, का पकडल्यानंतर. ते कळल्याशिवाय प्रॅक्टिसला शंभर थ्रो मारून फक्त खांदा दुखतो.

शोधायला मोठं काही लागत नाही. दोन मोबाईल. एक हुकरच्या बरोबर मागे टचलाईनच्या बाहेर, दुसरा टचपासून १५ मीटरवरच्या लाईनच्या पलीकडून, रांगेच्या शेपटाकडून (हुकरपासून लांबच्या टोकाकडून) बघणारा. बाजूने काढलेला व्हिडिओ ह्या कामाला बेकार, त्यात सरळ-वाकडं कळतच नाही. मग वहीत प्रत्येक थ्रोसमोर तीन गोष्टी लिहायच्या: कॉल कुठला होता (पुढे, मध्ये, शेपटीला), समोरच्याने उडी मारली का, आणि शेवट काय झाला. शेवट म्हणजे नुसतं हरलो असं नाही लिहायचं, वाकडा गेला, डोक्यावरून गेला, त्यांनी हवेत चोरला, हातातून सुटला, नियम मोडला म्हणून त्यांना फ्री किक गेली, की मिळाला पण स्क्रमहाफ (रांगेतून बॉल घेऊन पास देणारा) गडबडला, हे लिहायचं. एकदोन मॅचची वही भरली की चित्र दिसायला लागतं, आणि ते टीममधल्या भांडणात ठरलेल्या चित्रापेक्षा बहुतेक वेगळंच असतं.

बॉल वाकडा जातोय

हे खरंच हुकरचं खातं. कायदा साधा, थ्रो टचच्या खुणेवरून सरळ जायला पाहिजे आणि ५ मीटर लाईन गाठायला पाहिजे, दोन्ही रांगांमध्ये एक मीटरची गल्ली असते तिच्यातून. वाकडा गेला तर समोरचे ठरवतात, लाईनआऊट घ्यायचा का १५ मीटरवर स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड भिडून ढकलतात तो). २०२५ पासून वर्ल्ड रग्बीने ट्रायल म्हणून एक सूट आणली, समोरच्याने उडीच मारली नाही तर वाकड्या थ्रोवर खेळ चालू ठेवायचा, पण ती तुमच्या स्पर्धेत लागू आहे का हे मॅचच्या आधी रेफरीला विचारा, टीव्हीवर बघितलं म्हणून धरून चालू नका.

हुकरमध्ये बघायचं काय तर कोपर. कोपर बाहेर पसरले की बॉल एका बाजूला ओढला जातो. दोन्ही कोपर कानाजवळ, जोराचा हात बॉलच्या मागच्या भागावर शिवणीवर, दुसरा हात फक्त दिशा द्यायला, आणि सोडल्यानंतर दोन्ही हात टार्गेटकडे जाऊन तिथेच थांबले पाहिजेत. पाय समांतर ठेवायचे का एक पुढे, ह्यावर लोक उगाच वाद घालतात, जे जमतं ते ठेवा, फक्त दरवेळी तेच ठेवा.

प्रॅक्टिसचं टार्गेट हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे. रग्बीचे पोल आपल्या ग्राउंडवर नसतात म्हणून पोरं फुटबॉलच्या गोलच्या आडव्या दांड्यावर थ्रो मारत बसतात. तो दांडा २.४४ मीटरवर. रोज त्याच्यावर नेम धरला की हाताला खालचा थ्रो लागतो, मग मॅचमध्ये बॉल जंपरच्या छातीवर येतो आणि समोरचा आरामात हात घालतो. त्यापेक्षा कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट धरा. रिंग ३.०५ मीटरवर असते आणि बोर्डवरचा छोटा चौकोन रिंगच्या पातळीपासून वर अंदाजे साडेतीन मीटरपर्यंत जातो, म्हणजे जंपरचे हात जिथे असतात बरोबर तिथे. त्या चौकोनावर मारायचं, पुढच्या बॉलसाठी सहा-सात मीटरवरून, मधल्यासाठी दहावरून, शेपटीसाठी तेरा-चौदावरून. चौकोन फक्त उंचीसाठी नाही, सरळपणासाठी पण आहे, तो दोन फुटांपेक्षा जरा कमीच रुंद असतो.

बाकी दोन गोष्टी आपल्या हवेच्या. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, हुकरचे तळहात घामाने निथळतात आणि बॉलवरचे दाणे घासून गेलेले असले की बॉल सटकतो. टॉवेल टचलाईनवर ठेवा, आणि जुना गुळगुळीत बॉल टॅकलच्या सरावाला द्या, लाईनआऊटला नाही. दुसरं म्हणजे वारा. दुपारनंतर सुटला की शेपटीचा उंच थ्रो हवेतच सरकतो आणि रेफरीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. अशा दिवशी पुढे किंवा मध्ये जोरात, सपाट, एवढंच.

थ्रो बरोबर, जंपर भलतीकडे

व्हिडिओत हे सगळ्यात जास्त दिसतं. बॉल सरळ गेलाय, उंची बरोबर आहे, पण जंपर एकतर अजून वर चाललाय नाहीतर खाली यायला लागलाय, आणि बाहेरून बघणारा म्हणतो हुकरने चुकवलं.

बॉल आणि हात एकाच क्षणी सगळ्यात वरच्या जागी भेटायला हवेत. पुढचा बॉल हवेत कमी वेळ असतो, त्यामुळे तिथे उडी आणि थ्रो जवळपास एकदम. शेपटीचा बॉल जास्त वेळ हवेत असतो, तिथे हुकरने जंपर वर गेलेला दिसायची वाट बघितली तर उशीर झालाच म्हणून समजा, जंपर जमिनीवर असतानाच बॉल सोडावा लागतो. आणि एक कायदा लक्षात ठेवा, लिफ्टरने आधी पकडून ठेवलेलं चालतं, पण बॉल सुटायच्या आधी उचललं तर फ्री किक.

ह्याचा इलाज म्हणजे एकच इशारा ठरवणं आणि तो जंपरकडे देणं. आपल्या टीममध्ये अर्धे कॉलवर हलतात, अर्धे हुकरच्या हाताकडे बघून, एखादा नुसता शेजारच्याकडे बघून. जंपरचं शेवटचं पाऊल हाच इशारा धरा, लिफ्टरने आणि हुकरने दोघांनी तेच पाऊल बघायचं. हा सराव बॉलशिवाय करा, संथ, मग वेगात, आणि हुकर कायम तोच ठेवा.

उचल

ह्यात आपण खरं तर पुढे असायला पाहिजे कारण निम्मी पोरं कबड्डीतून आणि तालमीतून आलेली आहेत. पण तीच सवय आड येते. कबड्डीवाल्याचा हात आपोआप घोट्याकडे नाहीतर गुडघ्याकडे जातो, आणि इथे समोरून मांडीच्या खाली आणि मागून शॉर्ट्सच्या खाली पकडायला बंदी आहे. पुढच्या लिफ्टरने मांडीवर गुडघ्याच्या वर, मागच्याने शॉर्ट्सवर बसायच्या हाडाखाली हात लावायचा. मांडीला पट्टी बांधून त्याखाली फोमची गुंडाळी ठेवली की पकड सुटत नाही.

लिफ्टर दोघंही लांब उभे राहून हाताने ओढतात, हा दुसरा रोग. लांबून उचललं की वर गेल्यावर जंपर कुठल्यातरी एका बाजूला कलतो आणि बॉलच्या वेळी त्याचे हात हवेत तोल सावरत असतात. खाली बसून, पाठ सरळ ठेवून, पायाच्या जोरावर उठायचं, उठताना दोघांनी आत पाऊल टाकायचं, शेवटी दोघांच्या छाती जंपरला लागल्या पाहिजेत आणि हात पूर्ण सरळ. जंपरचं काम पण आहे, नुसतं उचलून घ्यायचं नाही, स्वतः दोन्ही पायांनी उडी मारायची आणि कमरेत कडक राहायचं, ढिलं पोतं कोणालाच उचलवत नाही.

खाली आणणं हे उचलण्याइतकंच महत्त्वाचं, केळीचा घड उतरवतात तसं हातात धरूनच खाली आणायचं. आपली काळी माती उन्हाळ्यात दगड होते, वर उन्हाने भेगा, तिथे दोन मीटरवरून पडलेलं पोरगं महिनाभर घरी बसतं. नवीन पॉड (जंपर आणि त्याचे दोन लिफ्टर) शिकवायचा तर तालमीतल्या मॅटवर नाहीतर पाणी मारलेल्या गवतावरच शिकवा. आणि हवेतल्या माणसाला हात घालणं, ओढणं, ढकलणं हे कुठल्याही टीमने केलं तर कार्डाचं प्रकरण आहे, हे पोरांना पहिल्या दिवशी सांगा.

सगळं बरोबर, तरी चोरतात

म्हणजे ते तुम्हाला वाचतायत. हे मोठ्यांच्या बाबतीत पण होतं. २००१ मध्ये सिडनीला ब्रिटिश-आयरिश लायन्स (तिकडच्या देशांची मिळून निवडलेली टीम) विरुद्ध ऑस्ट्रेलियाची तिसरी टेस्ट, सिरीज बरोबरीत, शेवटच्या मिनिटांत लायन्सचा थ्रो ऑस्ट्रेलियाच्या गोललाईनजवळ, बॉल मार्टिन जॉन्सनकडे जाणार होता आणि पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या जस्टिन हॅरिसनने पुढे येऊन तो हवेत चोरला. मॅच २९-२३, सिरीज ऑस्ट्रेलियाची. दबाव आला की टीम आपल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाकडेच टाकते, आणि हे समोरच्याला पण माहीत असतं.

वाचतात ते तीन ठिकाणी. हुकर बॉल छातीपासून डोक्यामागे नेतो तेव्हा, कारण तिथून ते मोजून उडी मारतात, म्हणून बॉल आधीपासून डोक्यावर धरून उभं राहा. खोटा थ्रो दाखवू नका मात्र, त्यालाही फ्री किक आहे. दुसरं, लिफ्टरचे पाय, तो कॉल झाल्या झाल्या जंपरकडे तोंड करून उभा राहिला की सांगायचं काय राहिलं. आणि तिसरं म्हणजे कॉल.

कॉलवर जरा थांबतो कारण इथे मजा आहे. बाहेर खेळायला गेलो की आपली पोरं अहिराणीत कॉल देतात आणि वाटतं कोणाला कळणार नाही. पुण्या-मुंबईच्या टीमला नाही कळत, पण त्यांना शब्दाचा अर्थ लागतच नाही, त्यांना एवढंच लागतं की हा शब्द आला की बॉल मध्ये येतो. तीनदा ऐकलं की झालं. आणि समोर धुळ्याची किंवा शिरपूरची टीम असली तर अर्थ पण कळतो, मग तर बोलायलाच नको. मला जमलेली पद्धत अशी, तालुक्याची नावं वापरायची आणि महत्त्व जिल्ह्याला द्यायचं. यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, काहीही म्हणा, जळगाव जिल्हा म्हणजे पुढे. साक्री, शिंदखेडा, शिरपूर म्हणजे धुळे, मध्ये. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा म्हणजे नंदुरबार, शेपटीला. एकच नाव लागोपाठ येत नाही त्यामुळे बाहेरच्या टीमला पॅटर्न सापडत नाही. खान्देशातल्या टीमविरुद्ध हे हाफटाईमच्या आधी फुटणार, तिथे तीन नावं घ्यायची आणि दुसरंच खरं धरायचं, हाफटाईमला ते बदलून तिसरं.

पण कॉलपेक्षा मोठा इलाज हालचालीचा. एकाच जागी उभे राहून उडी मारली तर समोरचा फक्त समोर उभा राहून जिंकतो. मधल्या पॉडने पुढे दोन पावलं टाकायची, समोरचे सरकले की तिथेच मागे येऊन उडी. किंवा आकडा बदला, थ्रो करणारी टीम ठरवते किती जण उभे राहणार, समोरच्याला कमी ठेवता येतात पण जास्त नाही. सातऐवजी चार-पाच उभे केले की मोकळी जागा वाढते आणि हालचाल करणाऱ्याचा फायदा होतो. आणि गप्पा कमी करा. ग्राउंडच्या मध्ये गोल करून चर्चा, मग चालत येणं, तेवढ्यात समोरचे आरामात सेट. टचलाईनकडे चालत येतानाच कॉल व्हायला पाहिजे, पोहोचले की थ्रो.

मिळाला, पण उपयोग शून्य

आता अटॅक. बरीच पोरं यूट्यूबवर एखादी मूव्ह बघून येतात आणि पहिल्यांदा तीच करायची असते. माझं म्हणणं उलटं आहे, वहीत बघा कुठला बॉल खात्रीने येतो आणि मूव्ह त्याच्यावरून ठरवा. शेपटीचा बॉल निम्म्या वेळा हरताय तर शेपटीवरची मूव्ह कागदावरच छान.

लाईनआऊटमध्ये जे मिळतं ते दुसरीकडे क्वचितच मिळतं. दोन्हीकडच्या बॅक्सना (रांगेत नसलेल्या मागच्या खेळाडूंना) दहा-दहा मीटर मागे राहावं लागतं, म्हणजे मध्ये वीस मीटरची रिकामी जमीन. ही जमीन किती वेळ रिकामी राहते हे बॉल कुठून येतो त्यावर आहे. पुढच्या जंपरकडून घेतला तर त्यांचा शेपटीचा फ्लँकर (टोकाला उभा असलेला फॉरवर्ड) मोकळा असतो, तो सरळ तुमच्या फ्लायहाफवर (स्क्रमहाफचा पास घेणाऱ्यावर) येतो. मध्ये किंवा शेपटीला घेतला की तोच फ्लँकर तिथे अडकतो, स्क्रमहाफचा पास पण छोटा होतो. म्हणून स्वतःच्या २२ मध्ये (आपल्या गोललाईनपासून २२ मीटरच्या आत) पुढचा बॉल घ्या आणि किक मारून मोकळे व्हा, तिथे हुशारी नको. ग्राउंडच्या मध्यावर मात्र मधला-मागचा बॉल, जंपरने हवेतूनच दोन्ही हातांनी स्क्रमहाफला द्यायचा, थापटायचा नाही, आणि इनसाईड सेंटरने (फ्लायहाफच्या शेजारच्या बॅकने) फुल स्पीडने त्यांचा फ्लायहाफ आणि शेवटचा फॉरवर्ड ह्यांच्या मधल्या फटीवर जायचं.

दबावात शेपटीला टाकण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००३ ची वर्ल्ड कप फायनल, सिडनी, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, एक्स्ट्रा टाईम संपत आलेला. स्टीव्ह थॉम्पसनने लांब शेपटीला ल्यूइस मूडीकडे टाकला, तिथून ग्राउंडच्या मध्याकडे जायला जागा मिळाली, दोनतीन फेऱ्यांत जॉनी विल्किन्सनने ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टेकवून पोलमधून मारलेली किक) मारला आणि २०-१७. पुढे टाकला असता तर बॉल टचलाईनजवळच अडकला असता.

गोललाईनपासून पाच मीटरवर सगळ्यांना मॉल (बॉलवाल्याला धरून सगळे मिळून उभ्यानेच ढकलत जातात तो) पाहिजे असतो आणि आपल्या तालमीच्या पोरांना तो आवडतो पण. इथे दोन ठिकाणी गाडी अडते. जंपर खाली आला की मॉल व्हायच्या आधी त्याला पाडणं समोरच्याला चालतं, म्हणून लिफ्टरने उतरवतानाच त्याला दोन्ही बाजूंनी बांधून घ्यायचं आणि जंपरने पाठ त्यांच्याकडे करायची. दुसरं, समोरचे चिकटलेच नाहीत आणि तुम्ही बॉल घाईने मागच्याकडे दिला आणि चालायला लागलात तर ऑब्स्ट्रक्शन (बॉल नसताना वाट अडवणं). ते चिकटेपर्यंत बॉल पुढेच राहू द्या. आणि मॉल पुढच्या जागेवरून लावू नका. २०१५ वर्ल्ड कपला ट्विकनहॅमवर इंग्लंड वेल्सविरुद्ध तीन पॉइंटने मागे होतं, कॅप्टन ख्रिस रॉबशॉने बरोबरीची किक सोडून लाईनआऊट घेतला, थ्रो पुढच्या माणसाकडे, आणि वेल्सने सगळ्यांना ढकलत टचबाहेर नेलं. २८-२५, वेल्स. निर्णयावर लोक आजही बोलतात, माझ्या मते निर्णयापेक्षा जागा चुकली. पुढे पकडला की टचलाईन पाच-सहा मीटरवर असते, तीच त्यांची जास्तीची डिफेंडर.

समोरच्यांनी मॉल अडवायला सगळी ताकद जमिनीवर ठेवली असेल, कोणी उडीच मारत नसेल, तर ती खूण आहे. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला, ऑकलंडला, न्यूझीलंडने फ्रान्सविरुद्ध दोन पॉड पुढे-मागे पळवून मध्ये भोक पाडलं, मागून जेरोम काइनोने हवेतून खाली दिला आणि प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला) टोनी वुडकॉक त्या भोकातून एकटा गेला. शेवटी मॅच ८-७ ने जिंकली, म्हणजे ती ट्राय (गोललाईनपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले पॉइंट) किती महागाची होती बघा. हे आपल्याला जमू शकतं कारण ह्यात उंची नाही, फक्त सगळे एकदम हलायला पाहिजेत. फक्त एका मॅचमध्ये एकदाच, दुसऱ्यांदा कोणी फसत नाही.

आणखी एक सोपी. पुढच्या जंपरने घेतलेला बॉल लगेच हुकरला परत, तो ५ मीटर आणि टचच्या मधल्या पट्ट्यातून पळतो. करण्याआधी त्यांचा माणूस त्या पट्ट्यात सावध आहे का झोपलाय ते बघा, तिथे एक जण असतोच. १५ मीटरच्या पलीकडे सेंटरकडे टाकायचा लांब थ्रो मात्र आपल्या वाऱ्यात मी करू देत नाही, बॉल अलीकडेच पडला तर पळत आलेला सेंटर ऑफसाईड.

फ्री किकवर थोडं, कारण वहीत हे दिसतं आणि कोणी लक्ष देत नाही. गल्ली बंद करणं, त्यांच्या थ्रोवर त्यांच्यापेक्षा एक माणूस जास्त, रिसीव्हर (रांगेतून बॉल घ्यायला बाहेर उभा असलेला) रांगेपासून दोन मीटरच्या आत, उगाच वेळ काढणं. ह्यातलं काहीच ताकदीचं नाही, रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या प्रॉपला जबाबदारी द्या, त्याने गल्ली आणि माणसं मोजायची, बाकी बडबड नको.

सेव्हन्सवाल्यांना (सात-सात जणांचं रग्बी) हे सगळं लागत नाही. तिथे दोन-तीन जणच उभे असतात, मॉलमध्ये अर्थ नसतो. तुम्ही फक्त झटपट थ्रो (रांगा लागायच्या आधीच टाकलेला) शिका: बॉल तोच पाहिजे, टचबाहेर गेल्यावर दुसऱ्या कोणी हात लावलेला नको, ५ मीटर जायला पाहिजे, आणि इथे मागच्या दिशेला तिरका टाकलेला पण चालतो. समोरची सात जणं वळून परत येईपर्यंत तुमचा विंगर पळालेला असतो.